उंडग्या आणि अडलेला नांगर

एका राज्यात समुद्राला दार होतं. दोन काळे कडे, मधे एकच वाट. त्याच वाटेने गलबतं आत यायची, त्याच वाटेने बाहेर जायची. आत बंदर, बंदरामागे नगर, नगराच्या माथ्यावर राजवाडा आणि राजवाड्यात राजा धवलसेन. राजा न्यायी होता, प्रजा सुखात होती, माडांना नारळ वेळेवर लागत होते. अशा राज्यात सांगण्यासारखं सहसा काही घडत नाही. म्हणून ही कहाणी त्या दिवसापासून सुरू होते, ज्या दिवशी त्या दारातच एक गलबत अडकलं.

गलबताचं नाव लाटमोहिनी. वर नऊ माणसं. तांडेल हरबाजी त्यांचा मुख्य, रावजी सुकाण्यावर, धाकू चुलीपाशी, आणि बाकीचे सहा जण शिडांना आणि दोरांना. दूरच्या बेटांवरून लवंग आणि वेलदोडे भरून ते परत येत होते. घर अर्ध्या कोसावर दिसत होतं. भरतीची वाट पाहायची म्हणून हरबाजीने दाराच्या तोंडाशी नांगर टाकला.

आता त्या बंदराची एक रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नांगर उचलायचा तर तांडेलाने एकेकाला नावाने हाक मारायची. ज्याला हाक येईल त्याने ‘आहे’ म्हणायचं आणि दोराला हात लावायचा. सगळ्यांचे हात लागले की मगच ओढायचं. आणि गलबताचा माणूस कोण? तर गलबताच्या चुलीवरचं अन्न ज्याने तीनदा खाल्लं तो. मग तो खलाशी असो, उतारू असो, नाहीतर राजाचा जावई असो. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण ती मोडल्याचंही कोणी ऐकलं नव्हतं.

त्या फेरीला लाटमोहिनीवर एक उतारू होता. वाटेत एका उघड्या खडकावर जटा वाढवलेला एक म्हातारा बसला होता, त्याने हात केला आणि हरबाजीने त्याला वर घेतलं. तीन दिवस तो धाकूच्या हातची पेज आणि बांगडा खात गुपचूप बसून राहिला. भरती आली. हरबाजीने हाका मारल्या, आठ जणांनी ‘आहे’ म्हटलं, नववा तो स्वतः. तेवढ्यात म्हाताराही उठला आणि दोराकडे येऊ लागला.

हरबाजी हात जोडून म्हणाला, “म्हातारबुवा, तुम्ही कशाला तसदी घेता? बसा. आम्ही आहोत.”

हे तो मायेने बोलला. वयाचा मान ठेवावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण तो म्हातारा म्हणजे मांत्रिक जटाधर होता. त्याला कोणी शिव्या दिल्या तर तो हसून सोडून देई, दगड मारले तर चुकवून पुढे जाई. पण आपल्याला कोणी मोजलं नाही, हे मात्र त्याला अजिबात सहन होत नसे.

“तीन दिवस तुमचं अन्न खाल्लं,” जटाधर म्हणाला, “आणि मला हाक नाही. मी काय लवंगेचं पोतं आहे?”

“बुवा, चुकलो. या, हात लावा.”

“आता उशीर झाला. ऐक, तांडेला. ह्या चुलीवरचं अन्न ज्याने ज्याने तीनदा खाल्लं, तो प्रत्येक जण दोराला लागेल तेव्हाच हा नांगर सुटेल. एक जरी कमी असला तरी सुटणार नाही. तोवर गलबतावरचा कोणी उतरणार नाही, किनाऱ्यावरचं कोणी चढणार नाही. तीन वर्षं मुदत देतो. तिसऱ्या नारळी पौर्णिमेला सूर्य बुडाला की हे गलबत माणसांसकट दगडाचं होईल. आणि मी निघालो.”

एवढं बोलून त्याने पाण्यावर पाय ठेवला आणि चालत निघून गेला.

शाप खरा ठरला. दोर कोयत्याने कापला तर दुपारपर्यंत पुन्हा सांधला जाई. कोणी पाण्यात उडी टाकली तर तो ओल्या कपड्यांनी परत गलबतावरच उभा दिसे. किनाऱ्यावरची होडी जवळ आली की एका बांबूच्या अंतरावर आपोआप थांबे, मग कितीही वल्ही मारा. तांदूळ, मीठ, लाकूड आणि गोडं पाणी बांबूच्या टोकाला बांधून द्यावं लागे. शिवाय गलबत नेमकं दारात. मोठं गलबत बाहेर जाईना की आत येईना. बंदरातल्या वखारी रिकाम्या झाल्या आणि राजाची झोप उडाली.

हरबाजीचं दुःख मात्र आणखी वेगळं होतं. तो सफरीला निघाला तेव्हा त्याची बायको सारजा गरोदर होती. गलबत अडकल्यावर महिन्याभरात तिला मुलगी झाली. सारजा दर सकाळी होडी घेऊन यायची, एका बांबूच्या अंतरावर थांबायची आणि लेकीला उंच धरून दाखवायची. मुलीचं नाव पोवळी. तिचे दात आलेले हरबाजीने पाहिले, ती होडीत उभी राहायला शिकलेली पाहिली, पण तिच्या अंगाला त्याचा हात कधी लागला नाही. बांबूभर अंतर हे फार वाईट अंतर आहे. कोसभर असतं तर माणूस डोळे मिटून तरी बसतो.

दुसऱ्या वर्षी, एका सकाळी, उंडग्या आला.

डॉल्फिनला त्या किनाऱ्यावर गादा म्हणत. गादे कळपाने दुरून जात, माणसाच्या वाटेला जात नसत. हा एकटाच आला. आल्या आल्या त्याने धाकूची पाण्यात सोडलेली बादली नाकाने ढकलत गलबताच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि धाकू ती शोधत फिरतोय हे बघत राहिला. मग रावजीचं वाळत घातलेलं धोतर ओढून नेलं. मग हरबाजी वाकून बघायला गेला तर त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. वर्षभर त्या गलबतावर कोणी हसलं नव्हतं. त्या सकाळी नऊच्या नऊ जण हसले, आणि रावजी तर धोतर गेलेलं विसरून हसला.

“उंडगा आहे लेकाचा,” हरबाजी म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

धाकूने गंमत म्हणून त्याला ताज्या मासळीतला एक कच्चा बांगडा फेकला. उंडग्याने तो हुंगला आणि सोडून दिला. मग धाकूने कढीतला शिजलेला बांगडा फेकला, तर तो त्याने हवेतच झेलला. अख्खा समुद्र पुढ्यात असताना हा प्राणी शिजवलेला मासा मागतो, ह्याचा धाकूला इतका अभिमान वाटला की त्या दिवसापासून त्याने एक जास्तीचं मातीचं परळच मांडायला घेतलं. दुपारी जेवण झालं की तो पळीने तपेल्यावर तीनदा ठोकायचा. टण, टण, टण. उंडग्या कुठेही असो, हजर व्हायचा.

त्याचा दुसरा उद्योग म्हणजे करवंटी. पोवळी होडीतून नारळाची करवंटी फेकायची आणि ओरडायची, “बाबा, झेल.” दीड-दोन वर्षांच्या पोरीचा हात तो केवढा. करवंटी मधेच पाण्यात पडे. मग उंडग्या ती नाकाच्या टोकावर घेऊन वर उडवी आणि ती हरबाजीच्या हातात पडे. हरबाजी परत फेकी, उंडग्या ती होडीत नेऊन टाकी. किनाऱ्यावरच्या होडीला जे अंतर कापता येत नव्हतं, ते त्याला कापता येई, कारण तो किनाऱ्यावरचा नव्हता. बापाच्या हातची ओली करवंटी लेकीच्या हातात जाई, आणि हरबाजीचा दिवस त्यावर निघे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कोणी उगाच वाट बघत बसायला नको. उंडग्या हा शापित राजपुत्र नव्हता. राजगुरूंना तसं वाटलं होतं. ते पालखीतून बंदरावर आले, होडीत बसून बांबूच्या अंतरापर्यंत गेले आणि त्यांनी मंत्र म्हणत उंडग्याच्या डोक्यावर तीर्थ शिंपडलं. उंडग्याने त्यांच्यावर दुप्पट शिंपडलं. राजगुरू भिजून परत गेले आणि म्हणाले की मंत्राला वेळ लागतो.

इकडे राजा धवलसेन जटाधराचा शोध घेत होता. शोधायला पाठवला होता राजदूत पाणकावळा. हा पक्षी माणसांची आणि पाण्यातल्या सगळ्यांची भाषा बोले, आणि आपण राजदूत आहोत हे तो कधी विसरत नसे. जवळजवळ तीन वर्षं जटाधर रूपं बदलत फिरला. कधी शिंपला झाला, कधी धुकं झाला. शेवटी तिसऱ्या नारळी पौर्णिमेला महिना उरला तेव्हा तो एका खडकावर स्वतःच्या रूपात कपडे धूत असताना सापडला.

“राजाचा निरोप आहे,” पाणकावळा म्हणाला. “आपण येऊन दोराला हात लावावा.”

“लावीन. पण लाटमोहिनीवाल्यांनी आधी तीन वस्तू आणाव्यात. शंखकुंडाच्या तळचा शंख, नागखडकाच्या सर्पाचा मणी आणि बुडालेल्या राजाची पेटी. तिन्ही वस्तू गलबतावर आल्या की मी येईन. हा माझा शब्द.”

“ते गलबतावरून हलू शकत नाहीत.”

“ते मला ठाऊक आहे,” जटाधर म्हणाला आणि कपडे पिळू लागला.

पाणकावळ्याने तो निरोप गलबतावर सांगितला. मग हरबाजी कडेला गेला. उंडग्या नेहमीप्रमाणे सुकाण्याला अंग घाशीत होता.

“दूत महाराज,” हरबाजी म्हणाला, “ह्याला विचारून बघता?”

पाणकावळ्याने पाण्यावर उतरून सगळं समजावून सांगितलं. तीनदा सांगितलं. उंडग्याने त्याची शेपटी ओढली.

“तो येतो म्हणतो,” पाणकावळा पिसं सारखी करत म्हणाला. “काम म्हणजे काय ते त्याला कळलेलं नाही. सहल आहे असं समजतोय. मी सोबत जातो.”

पुढे जे झालं ते पाणकावळ्याने डोळ्यांनी पाहिलं आणि दरबारात शपथेवर सांगितलं.

पहिलं शंखकुंड. ते समुद्राच्या तळातलं खोल विवर होतं. जो त्यात उतरे त्याला तळातून आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाची हाक ऐकू येई आणि तो वर यायचं विसरे. मोठमोठे पाणबुडे तिथेच राहिले होते. उंडग्या सरळ खाली गेला. त्यालाही आवाज आला. पण त्याला जो आवाज सगळ्यात जवळचा होता तो होता टण, टण, टण. आता तपेलं काही समुद्राच्या तळाशी नसतं, ते वर असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वाटेतला शंख तोंडात धरला आणि जेवायला म्हणून सुसाट वर आला. शंख धाकूपुढे टाकला. धाकूने त्याला दोन बांगडे जास्त दिले.

दुसरा नागखडक. तिथे हजार वर्षांचा सर्प मण्याभोवती वेटोळं घालून बसला होता. जो तलवार घेऊन येई त्याला तो गिळे, जो हात जोडून येई त्यालाही गिळे. उंडग्या करवंटी घेऊन गेला. त्याने ती सर्पाच्या डोक्यावर टाकली. सर्पाने फूत्कार टाकला, करवंटी उडाली, उंडग्याने झेलली आणि पुन्हा टाकली. हजार वर्षांत त्या सर्पाशी कोणी खेळलं नव्हतं. सूर्य माथ्यावर येऊन ढळला तरी दोघे थांबेनात. खेळता खेळता सर्पाचं वेटोळं सुटलं आणि शेवटी करवंटी समजून त्याने मणीच फेकला. उंडग्याने तो झेलला.

“पुन्हा येशील?” सर्पाने विचारलं.

पाणकावळ्याने भाषांतर करून सांगितलं की येईल, आणि उंडग्या पुढे खरंच जात राहिला.

तिसरी बुडालेल्या राजाची पेटी. वाळूत रुतलेल्या एका जुन्या राजनौकेत ती पडली होती, आणि शाप असा होता की ज्याला ती हवीशी वाटेल त्याच्या हातात ती डोंगराएवढी जड व्हावी. तिच्याभोवती लोभ्यांची हाडं पसरली होती. उंडग्याला सोनं कळत नव्हतं. पेटी त्याला करवंटीपेक्षा थोडी मोठी आणि आकाराने बेढब वाटली. नाकावर तोलत, उडवत, झेलत त्याने ती गलबताशी आणली. खरी पंचाईत पुढेच झाली. खलाशांनी जाळं टाकून ती ओढली, तर आठ जणांना ती हलेना. एकमेकांकडे बघून सगळे ओशाळले.

धाकू हात पुसत आला. “सरका. मिठाला डबा हवाच होता,” तो म्हणाला आणि त्याने ती एका हाताने वर घेतली.

अशा तिन्ही वस्तू आल्या, आणि तिसऱ्या नारळी पौर्णिमेचा दिवस उजाडला. नगरातले सगळे कड्यांवर जमले. राजाने समुद्राला नारळ वाहिला. सारजा आणि पोवळी होडीतून बांबूच्या अंतरावर आल्या. पोवळीने करवंटी फेकली, “बाबा, झेल” म्हणाली, उंडग्याने ती वर पोचवली आणि हरबाजीने ती कमरेला खोचली.

दुपार टळायला आली तेव्हा जटाधर पाण्यावरून चालत आला आणि गलबतावर चढला. धाकूने पेजेची परळं मांडली होती. रागावलेला असला तरी पाहुणा. पण जेवायला कोणी थांबलं नाही. जटाधराने शंख पाहिला, मणी पाहिला, पेटी पाहिली. पेटीत मीठ होतं.

“ह्या वस्तू घ्याव्यात,” हरबाजी म्हणाला.

“मला नकोत. तुम्हाला जमू नयेत म्हणून मागितल्या होत्या. पण शब्द दिला आहे.”

“बुवा, त्या दिवशी मी चुकलो.”

“चुकलास. हाक मार.”

हरबाजी गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी उभा राहिला. उंडग्या दोराजवळ घुटमळत होता, दोराला नाक लावत होता. नांगर सुटताना दोराचा फटका बसला तर त्याचं काही खरं नव्हतं. हरबाजी वाकून म्हणाला, “बाजूला हो, राजा. पुष्कळ केलंस. आता तू खेळ जा. आम्ही आहोत.”

उंडग्या क्षणभर तिथेच थांबला. मग वळला आणि कड्यांच्या दारातून बाहेर, मोठ्या समुद्रात निघून गेला.

हरबाजीने हाका मारल्या. रावजी, आहे. धाकू, आहे. सहा खलाशी, सहा वेळा आहे. मग तो म्हणाला, “जटाधरबुवा.”

“आहे,” म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज कापला, आणि त्याने खोकून ते झाकलं.

दहा जणांनी जोर लावला. नांगर हातभर उचलला गेला आणि अडला. पुन्हा जोर लावला. अडला. तिसऱ्यांदा लावला, तळव्यांची सालटी निघाली, नांगर तसाच. सूर्य पश्चिमेला उतरत होता. गलबताच्या तळातून कुरकुर ऐकू आली. रावजी सुकाण्यापाशी धावला आणि म्हणाला, “तांडेल, सुकाणू दगडाचं झालंय.”

“बुवा, हे काय?” हरबाजीने विचारलं.

जटाधराचा चेहरा उतरला होता. “मला माहीत नाही. शाप माझा, पण तो आता माझंही ऐकत नाही. कोणीतरी कमी आहे.”

“कोणी नाही. सगळे आहोत.”

“मग मीही इथेच दगड होणार,” मांत्रिक म्हणाला आणि खाली बसला.

दगड वर चढू लागला. तळ झाला, बाजूच्या फळ्या झाल्या. हरबाजी कडेला आला आणि सारजेला म्हणाला, “होडी मागे घे. पोरीने हे बघायला नको.”

“ती बघेल, मीही बघेन,” सारजा म्हणाली. “सूर्य अजून वर आहे. तुम्ही दोर का सोडलात?”

हरबाजी दोराकडे वळला. तेव्हा चुलीपाशी उभा असलेला धाकू हळूच म्हणाला, “तांडेल, इकडे बघा.”

मांडलेल्या परळांमधली पेज थंड झाली होती. धाकूने बोट लावून परळं मोजली. नऊ आपली. एक पाहुण्याचं. आणि सवयीने मांडलेलं एक, ज्यात पेज नव्हती, नुसता शिजवलेला बांगडा होता.

“तीनदा का, तीनशे वेळा खाल्लंय त्याने,” धाकू म्हणाला.

हरबाजी त्या परळापाशी बसला. “मी त्याला काय म्हणालो? खेळ जा, आम्ही आहोत. बुवा, तेच बोललो मी. तुम्हाला बोललो तेच त्याला बोललो.”

“मासा?” जटाधर म्हणाला. मग त्याने दाढीवरून हात फिरवला. “खरं आहे. मी माणूस म्हटलं नव्हतं, प्रत्येक जण म्हटलं होतं. आणि जेवला तो जेवला.”

धाकूने पळी उचलली आणि तपेल्यावर ठोकली. टण. बाहेरचा समुद्र मोकळाच होता. टण. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा नुसता ठप्प असा आवाज आला, कारण तपेलं दगडाचं झालं होतं. सूर्य पाण्यापासून वीतभर वर होता.

“जेवायला बोलावू नकोस,” हरबाजी उठत म्हणाला. “जेवायला आपण त्याला रोज बोलावलं. रीतीने बोलावू या.”

तो नाळेवर चढला, छातीभर श्वास घेतला आणि पहिल्यापासून हाका मारू लागला. रावजी, आहे. धाकू, आहे. सहा जणांची सहा नावं. जटाधरबुवा, आहे. हरबाजी, म्हणजे मी, आहे. आणि मग कड्यांवरच्या अख्ख्या नगराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने अकरावी हाक दिली.

“उंडग्या.”

राजाने मुकुट काढून हातात धरला होता. हरबाजीचे पाय घोट्यापर्यंत जड झाले. मग कड्यांच्या पलीकडून एक शीळ आली, बारीक आणि लांब, आणि दारातून पाणी फाडत काळी पाठ आत आली.

“आहे म्हणतो,” पाणकावळा वरून म्हणाला. ते सांगायची खरंतर गरज नव्हती.

पण त्याला हात नाहीत, आणि दोर ओढायचा असतो हे त्याला कोण समजावणार? हरबाजीने कमरेची करवंटी काढली. दोराचं मोकळं टोक घेतलं, करवंटीच्या डोळ्यांतून ओवून पक्की गाठ मारली आणि बंदराच्या दिशेला, जमेल तितकी लांब, फेकून दिली. उंडग्याने ती हवेत झेलली. दोराला ताण बसला तसा त्याला आणखी चेव आला. करवंटी सोडायची नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

“ओढा,” हरबाजी म्हणाला.

दहा जणांनी ओढलं आणि अकरावा खेळला. नांगर वाळूतून सुटला आणि चिखल, शेवाळ आणि तीन वर्षांचे शिंपले घेऊन वर आला. सूर्य त्याच वेळी पाण्याला टेकला आणि बुडाला. कोणी दगड झालं नाही. फळ्यांवरची दगडाची साल तडकून पाण्यात पडली, तपेलं पुन्हा तांब्याचं झालं, रावजीने सुकाणू फिरवलं तर ते फिरलं.

आणि सारजेची होडी, जी तीन वर्षं बांबूभर दूर थांबत होती, ती आपोआप पुढे सरकली आणि गलबताला टेकली. सारजेने लेकीला होडीच्या फळीवर उभं केलं. पोवळीने इकडे तिकडे पाहिलं. तिच्या हातात करवंटी नव्हती, ती उंडग्याकडे होती. मग तिने दोन्ही हात पुढे केले.

“बाबा, झेल,” ती म्हणाली आणि स्वतःच उडी मारली.

हरबाजीने झेललं. दीड-दोन वर्षं करवंटी झेलून त्याचा हात तयार होता. तिचं अंग गरम होतं आणि केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि ह्या दोन्ही गोष्टी बांबूभर अंतरावरून कधी कळल्या नव्हत्या. तांडेल सगळ्यांदेखत रडला, आणि कोणी दुसरीकडे बघितलं नाही.

लाटमोहिनी बंदरात आली. दार मोकळं झालं, वखारी भरल्या, राजाला झोप लागली. जटाधराला राजाने दरबारात आसन देऊ केलं, पण त्याने लाटमोहिनीवर जागा मागितली. दर सफरीला तो हाक ऐकतो, ‘आहे’ म्हणतो आणि दोर ओढतो. शंख बंदराच्या वेशीवर टांगला. मणी उंडग्यानेच सर्पाला परत नेऊन दिला, कारण दोघांना खेळायला काहीतरी हवं. पेटीत धाकूचं मीठ आहे. ती कोणालाच हवीशी वाटत नाही, म्हणून तिचं वजनही आता पेटीएवढंच आहे. राजगुरू तीन दिवस धक्क्यावर पितांबर घेऊन उभे होते, राजपुत्र पाण्याबाहेर येईल तर अंगावर घालायला काही हवं म्हणून. चौथ्या दिवशी उंडग्याने पितांबरही पळवला.

तेव्हापासून त्या बंदरात नांगर उचलताना तांडेल सगळ्यांची नावं घेतो आणि शेवटी एक हाक समुद्राकडे तोंड करून देतो. मग थांबतो. शीळ आली तर आनंद, नाही आली तरी थोडं थांबूनच दोर ओढतात. ज्याची हाक राहिली असेल त्याला ती मिळो, ज्याचा नांगर अडला असेल त्याचा तो सुटो. अकराव्या हाकेची ही कहाणी अकरा हातांनी किनाऱ्याला लागली.